बदामीला जायचं, तर हुबळीच्या आत्याला घेऊन

परदेशातल्या मराठी कुटुंबाची भारतवारी ठरली की घरात दोन याद्या तयार होतात. एक नातेवाइकांची, दुसरी बघायच्या ठिकाणांची. पहिली आईवडील करतात, दुसरी मुलं. तीन आठवड्यांच्या रजेतला एक आठवडा पहिल्या यादीत जातो. पुण्यात नाहीतर ठाण्यात मुक्काम, सकाळी दोन घरं, संध्याकाळी तीन, प्रत्येक घरी पोहे, चहा, चॉकलेटचा डबा, एक फोटो आणि "निघतो आता, अजून मामांकडे जायचंय". दुसरा आठवडा केरळातल्या हाउसबोटीवर किंवा राजस्थानातल्या एखाद्या महालात. लांबच्या गावी राहणारी माणसं मात्र दोन्ही याद्यांतून गळतात. हुबळीच्या दाजीबानपेठेतल्या आत्याला परतीच्या विमानाआधी फोन जातो, की या खेपेला काही जमलं नाही, पुढच्या वेळी नक्की.

या दोन याद्यांची एक यादी करावी, असं या लेखाचं म्हणणं आहे. गाडी ठरवावी, पुण्याहून दक्षिणेकडे निघावं, वाटेत जिथे घरचं माणूस आहे तिथे उतरावं, आणि त्या गावाच्या आसपास जे पाहण्यासारखं आहे ते त्या माणसाला गाडीत बसवून, त्याच्या सोबतीनं पाहावं. शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा. नातेवाइकांच्या घरी रात्री झोपायचं आणि सकाळी त्यांना दारात उभं ठेवून आपण एकटेच बदामीला जायचं, याला भेट म्हणता येत नाही.

परदेशातली कुटुंबं हे करतातच, फक्त भारतात करत नाहीत. आजी-आजोबा उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी अमेरिकेला आले की त्यांना 'अमेरिका दाखवायची' असते. तेव्हा एडिसनहून गाडी निघते ती फिलाडेल्फियाला भाच्याकडे थांबते, वॉशिंग्टनला मावसबहिणीच्या मुलीकडे दोन रात्री राहते, पिट्सबर्गला व्यंकटेश्वराचं दर्शन घेते आणि बफेलोजवळ राहणाऱ्या कुणा गाववाल्याकडे मुक्काम करून सकाळी नायगारावर पोचते. वॉशिंग्टनची भाची सुट्टी काढून सोबत येते, लिंकनच्या स्मारकाच्या पायऱ्यांवर आजोबांना हात देते. नकाशावर आधी माणसं मांडली जातात आणि त्यांच्यामधल्या जागेत प्रेक्षणीय स्थळं बसतात. या प्रवासातून आजी-आजोबा परत जातात तेव्हा त्यांच्या बोलण्यात नायगारा थोडा आणि भाचीचं घर फार असतं. तिकडच्या हमरस्त्यांवर जे इतकं सहज जमतं, ते राष्ट्रीय महामार्ग ४८ वर न जमण्याचं काही कारण नाही.

मुळात महाराष्ट्रातला जुना प्रवास असाच होता. नवं जोडपं कुलदैवताला निघालं की वाटेत सोयऱ्याधायऱ्यांकडे उतरत उतरत जायचं. जोतिबा आणि महालक्ष्मी करून सौंदत्तीच्या यल्लम्माला किंवा बदामीजवळच्या बनशंकरीला जाणारी कितीतरी घराणी आजही कोल्हापूर, सांगली, सोलापूर जिल्ह्यांत आहेत. देव कर्नाटकात, घर महाराष्ट्रात आणि लेकी दोन्हीकडे दिलेल्या, अशी त्यांची वहिवाट. धर्मशाळा असायची, पण आत्याचं घर गावात असताना धर्मशाळेत उतरणं हा त्या घराचा अपमान ठरे. रेल्वे आल्यावरही हे चालू राहिलं. पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेज झाल्यानंतर कित्येक वर्षं पुढे हुबळीपर्यंत मीटरगेजच होतं, त्यामुळे मिरजेला गाडी बदलावी लागे. मिरजेत राहणारे नातेवाईक तेवढ्या वेळात डबा घेऊन फलाटावर यायचे. अर्ध्या तासाची भेट, पण ती व्हायचीच.

आता रस्ता. पुण्याहून सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, निपाणी, संकेश्वर, बेळगाव, कित्तूर, धारवाड आणि हुबळी, असा हा सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटरचा टप्पा. एका दिवसात होतो, आणि बहुतेक जण तो तसाच संपवतात. संपवू नये. या रस्त्यावर मराठी घर नाही असं गाव शोधावं लागेल. कोल्हापुरात काका असतील तर पहिली रात्र त्यांच्याकडे, आणि दुसऱ्या दिवशी काकांना घेऊन खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर. बेळगावात मामेभाऊ असेल तर त्याच्यासोबत खानापूर तालुक्यातलं हलशी, जिथे कदंबांच्या काळातली देवळं उभी आहेत, किंवा नंदगड, जिथे कित्तूरसाठी इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये फाशी दिली गेली. कित्तूरचा किल्ला तर महामार्गाजवळच. १८२४ च्या ऑक्टोबरात राणी चन्नम्मेच्या सैन्यानं धारवाडचा कलेक्टर थॅकरे याला इथेच मारलं. बेळगाव-हुबळी रस्त्यावरून वर्षानुवर्षं जाणाऱ्यांपैकी कित्येकांनी तो किल्ला गाडीच्या खिडकीतूनही पाहिलेला नसतो, कारण 'संध्याकाळपर्यंत पोचायचंय'.

धारवाडला थांबलं, तर तिथलं माणूस यादवाडला नेईल. यादवाडमध्ये मारुतीच्या देवळाजवळ शिवाजी महाराजांचं दगडात कोरलेलं जुनं शिल्प आहे. बेळवडीच्या मल्लम्मा देसाईण हिनं ते करवून घेतलं, असं परंपरा सांगते. प्रवासी कंपन्यांच्या कार्यक्रमात यादवाडचं नाव सहसा येत नाही. धारवाडच्या एखाद्या काकूंना ते ठाऊक असतं, कारण त्यांच्या सासऱ्यांनी त्यांना नेलेलं असतं. नातेवाइकांसोबत फिरण्याचा हा पहिला, अगदी रोखठोक फायदा: ज्या जागा जाहिरातीत नाहीत त्या घरातल्या माणसाला माहीत असतात.

हुबळीत पोचल्यावर दाजीबानपेठेत गाडी आत नेऊ नये. दुर्गदबैल, दाजीबानपेठ, मराठा गल्ली, जवळी साळ हा सगळा जुन्या बाजाराचा भाग. दुकानं रस्त्यापर्यंत आलेली, रस्त्यावर हातगाड्या आणि त्यांच्यामधून दुचाक्या. गाडी बाहेर लावून चालत जावं, आणि आत्याच्या घरी पोचेपर्यंत जे दिसेल तेच इथलं पहिलं प्रेक्षणीय स्थळ मानावं. कापडाच्या दुकानात इरकली लुगडी उघडून टाकलेली. लाल रंगावर पांढऱ्या नक्षीचा तो पदर पाहिला की ज्यांच्या पणजीचं एखादं लुगडं घरात जपून ठेवलेलं आहे त्यांना तो लगेच ओळखता येतो. पुढे तुळजाभवानीचं देऊळ. हे देऊळ सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाचं. हा विणकरांचा समाज आपलं मूळ नर्मदाकाठच्या माहिष्मतीशी जोडतो, त्याची घरची बोली मराठी-गुजरातीच्या जवळची, देवी तुळजापूरची आणि व्यवहार कन्नडमध्ये. हुबळी-गदगच्या सावजी खानावळी याच समाजाच्या. तांबडा जाळ रस्सा, त्यात खसखस आणि सुकं खोबरं, सोबत खिम्याचे उंडे. नागपूरच्या सावजीशी नाव जुळतं, पण तिथला समाज वेगळा आणि मसालाही वेगळा. मांसाहारी पाहुण्यांनी एक रात्र तरी आत्याला चूल पेटवू न देता सगळ्या घराला घेऊन या खानावळीत जावं. शाकाहाऱ्यांसाठी दुर्गदबैलात संध्याकाळी गिरमिट आणि मिरची भजी असतातच.

इथे मराठी माणसं आली कशी, हे मुलांना घरातल्या मोठ्यांनी सांगावं, कारण ही गोष्ट आईवडिलांच्या स्थलांतराइतकीच नाट्यमय आहे. १६७३ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेनं हुबळीची पेठ लुटली. इंग्रजांची वखारही त्यात सापडली, म्हणून त्यांच्या कागदपत्रांत त्या लुटीच्या भरपाईची तक्रार पुढे वर्षानुवर्षं येत राहते. म्हणजे इथला कापडाचा व्यापार तेव्हाही डोळ्यांत भरण्याइतका मोठा होता. अठराव्या शतकाच्या मध्यात सावनूरच्या नवाबाकडून हा मुलूख पेशव्यांकडे आला. पुढे हैदर आणि टिपू यांच्याशी झगडा झाला. १७९०-९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडच्या किल्ल्याला कित्येक महिने वेढा घालून तो घेतला. १८१८ नंतर इंग्रज आले, आणि धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात गेला. १८८२ मध्ये 'सदर्न मराठा रेल्वे' कंपनी निघाली, तिचं मुख्यालय धारवाडला आणि कारखाना हुबळीला. कारकून, शिक्षक, वकील, फिटर, नाटक मंडळ्या, कापडाचे दलाल, सगळे या इलाख्याच्या रस्त्यांनी वरखाली होत राहिले. मग १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, विजापूर, धारवाड, कारवार हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. दाजीबानपेठेतली माणसं जागची हलली नव्हती. त्यांच्या घरांचं राज्य तेवढं बदललं.

परदेशस्थ मराठी माणसानं इथे खरोखर थांबून पाहावं असं काही आहे. न्यू जर्सी, लंडन किंवा सिडनीतल्या महाराष्ट्र मंडळाच्या प्रत्येक सभेत एक प्रश्न निघतोच: पुढच्या पिढीला मराठी येईल का? शनिवार-रविवारच्या मराठी शाळा चालतात, बृहन्महाराष्ट्र मंडळ त्यांना अभ्यासक्रम देतं, आईवडील तळमळीनं मुलांना गाडीतून नेतात-आणतात. आणि तरी पंधराव्या वर्षी मूल घरात इंग्रजीतच उत्तर देतं. हुबळीच्या मराठी घरानं हा प्रश्न आठ-दहा पिढ्या हाताळला आहे. मूल शाळेत कन्नड शिकतं, रस्त्यावर कन्नड बोलतं, कन्नड नाटकं पाहतं, आणि घरी आल्यावर आजीशी मराठी बोलतं. ती मराठी पुण्याची नसते. 'बसा की हो', 'जेवूनच जायचं बघा', 'काय करायला लागलायस?' असा तिचा हेल असतो, आणि तिच्यात कन्नड शब्द बिनदिक्कत येतात. पुण्याहून आलेले पाहुणे कधी कधी ती सुधारायला जातात. तसं अजिबात करू नये. शाळेचा, सरकारचा किंवा वर्तमानपत्राचा फारसा आधार नसताना जी भाषा स्वयंपाकघरातून आणि देवघरातून टिकली, तिच्याकडे शिकायला जावं. या अर्थानं परदेशातल्या मराठी कुटुंबाला पुण्याच्या नातेवाइकांपेक्षा हुबळीचे नातेवाईक अधिक जवळचे आहेत. दोघंही दुसऱ्या भाषेच्या गावात राहतात.

आणि दुसऱ्या भाषेच्या गावात राहणं म्हणजे कोपऱ्यात राहणं नव्हे, हेही इथेच कळतं. द. रा. बेंद्रे धारवाडात १८९६ मध्ये जन्मले, मराठी बोलणाऱ्या घरात. ते कन्नडचे युगप्रवर्तक कवी झाले, 'नाकु तंती' या संग्रहासाठी त्यांना ज्ञानपीठ मिळालं, आणि मराठीतही त्यांनी लिहिलं. उलट बाजूनं जी. ए. कुलकर्णी. तीनेक दशकं ते धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होते आणि मराठी कथा लिहीत होते. मराठी कथेची एक सर्वांत गूढ, सर्वांत एकाकी वाट महाराष्ट्राबाहेरच्या या गावातून निघाली. बेंद्र्यांचं घर साधनकेरीच्या तळ्याकाठी आहे, ते पाहता येतं. मुलं अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये इंग्रजीत लिहिणार असतील, तर ती काही घर सोडून जाणार नाहीत, असं वाटण्यासाठी त्या तळ्याकाठी एक संध्याकाळ घालवणं पालकांनाही उपयोगाचं आहे.

गाण्याची आवड असलेल्या घरांना तर या रस्त्यावरचं प्रत्येक वळण ओळखीचं वाटेल. कोल्हापूर अल्लादिया खाँसाहेबांचं, मिरज अब्दुल करीम खाँसाहेबांचं. बेळगावजवळच्या सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले. धारवाडात मल्लिकार्जुन मन्सूरांचं 'मृत्युंजय' हे घर आहे, हुबळीच्या देशपांडे नगरात गंगूबाई हनगलांचं 'गंगालहरी'. हुबळीहून वीसेक किलोमीटरवर कुंदगोळ, सवाई गंधर्वांचं गाव. मराठी संगीत रंगभूमी गाजवलेला हा गवय्या गावी राहून शिष्य घडवत होता. गंगूबाई हुबळीहून रेल्वेनं तिथे शिकायला जात, आणि गदगच्या जोशांचा भीमसेन गुरूच्या घरी राहून पाणी भरण्यापासून सगळी कामं करत शिकला. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून होतो, त्याची तिकिटं परदेशातून आधी राखून ठेवणारे रसिक मंडळात आहेत. त्यांपैकी कितीजणांनी सवाई गंधर्वांशी नातं असलेला कुंदगोळचा नाडगीर वाडा पाहिला आहे? हुबळीतल्या आत्याच्या घरापासून तो अर्ध्या-पाऊण तासावर आहे, आणि आत्यानं गंगूबाईंना गणपतीच्या मांडवात गाताना ऐकलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. तिला विचारायला हवं. ती आपणहून सांगणार नाही, कारण इतक्या वर्षांत तिला कुणी विचारलेलं नाही.

आता बदामी. हुबळीहून नवलगुंद, नरगुंद, कुळगेरी क्रॉस करत हा रस्ता शंभर-सव्वाशे किलोमीटरचा. काळी जमीन, ज्वारी, सूर्यफूल आणि मधूनच नरगुंदचा डोंगर. याच नरगुंदच्या संस्थानिकानं, बाबासाहेब भाव्यांनी, १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध बंड केलं आणि त्यात प्राण गमावले. बदामीची चार लेणी, त्यातल्या तिसऱ्या लेण्यात इसवी सन ५७८ चा चालुक्य मंगलेशाचा लेख. अगस्त्य तीर्थाच्या पाण्याकाठी भूतनाथाची देवळं. पुढे बावीस किलोमीटरवर पट्टदकल, १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत. तिथलं विरूपाक्ष मंदिर राणी लोकमहादेवीनं आठव्या शतकात बांधवलं. ज्यांनी वेरूळचं कैलास लेणं पाहिलं आहे त्यांना इथे उभं राहिल्यावर दोन्ही वास्तूंचं साम्य सांगावं लागत नाही. आणि ऐहोळेच्या मेगुती टेकडीवर रविकीर्तीचा ६३४ चा शिलालेख: दुसरा पुलकेशी नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी झाला, असं त्यात कोरलं आहे. महाराष्ट्र या नावाच्या अगदी जुन्या उल्लेखांपैकी एक उल्लेख आजच्या कर्नाटकातल्या एका टेकडीवर आहे. सीमेवरून भांडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या माणसांनी तो एकदा वाचावा.

हे सगळं आत्याशिवायही पाहता येतं. मग तिला न्यायचं कशाला? कारण तिच्यासोबत गेल्यावर त्या दिवसाचा कार्यक्रमच बदलतो. बनशंकरीला उतरल्याशिवाय ती पुढे जाऊ देत नाही. देवळासमोरच्या चौकोनी पुष्करणीकाठी आपण कुणासोबत पहिल्यांदा आलो होतो ते सांगते, आणि त्या सांगण्यात गाडीतल्या माणसांचे आजोबा वीस वर्षांचे होऊन येतात. दुपारी झाडाखाली डबा उघडतो. पापडासारखी पातळ, मोडली की कडकन आवाज करणारी ज्वारीची कडक भाकरी, तेलात कालवलेली शेंगदाण्याची चटणी, भरली वांगी, दही. चार दिवस टिकणारी ही भाकरी मुद्दाम प्रवासासाठीच भाजून ठेवलेली असते. हॉटेलात काय मिळेल याची चिंता नाही आणि पोट बिघडण्याची भीतीही नाही.

परत येताना ती म्हणते, गुळेदगुड्डाला जाऊ या. बदामीहून हे गाव फार लांब नाही. महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात ओटी भरताना जो खण लागतो, त्याचं हे माहेर. हातमाग जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला असतो. विणकर काठावर बसतो, पाय खाली खड्ड्यात, धोटा एका हातातून दुसऱ्या हाताकडे धावतो आणि काठाची बारीक नक्षी रेघेरेघेनं वर चढत येते. तयार कापडाची त्रिकोणी घडी घालून हातात देतात. परदेशात मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी खणाचे तुकडे भारतातून मागवणाऱ्या सुनेनं तो माग चालताना पाहिला, की त्या तुकड्याची किंमत तिच्या लेखी बदलते. शिवाय खरेदी थेट विणकराकडून होते. यंत्रमागाच्या स्वस्त नकला आल्यापासून या मागांना गिऱ्हाइकाची गरज आहेच.

या सगळ्यावर एक आक्षेप गंभीर आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. पाहुणचाराचा भार कुणावर पडतो? घरातल्या बाईवर. चार माणसांचं कुटुंब परदेशातून येणार म्हटल्यावर पंचाहत्तरीची आत्या आठवडाभर आधीपासून लाडू-चिवड्याला लागते, गाद्यांना ऊन दाखवते, सून रजा टाकते. मग पाहुणे येतात, बाटलीचं पाणी मागतात, मुलं ताटातलं तसंच टाकतात. असा मुक्काम कोणाच्याच सुखाचा नसतो, आणि अशा अनुभवामुळेच 'त्यांना त्रास नको' असं म्हणून जाणं टाळलं जातं. पण त्रास टाळायचा उपाय न जाणं हा नाही. घर लहान असेल तर रात्री जवळच्या लॉजवर झोपावं आणि तसं आधीच प्रेमानं सांगावं. दोन रात्रींपेक्षा जास्त राहू नये. एक वेळचं जेवण घरी, एक बाहेर. बाहेरचं पाहुण्यांनी द्यावं आणि त्यावर वाद घालू नये. भांडी घासायला आणि भाजी निवडायला पुरुष पाहुण्यांनीही उठावं. परदेशातल्या घरी ते हे रोज करतात, मग आत्याच्या घरीच सोफ्यावर बसून का राहायचं? आणि सर्वांत मोठा परतावा म्हणजे तिला बाहेर नेणं. बदामी तिच्यापासून शंभर किलोमीटरवर असली तरी शेवटची ती कधी गेली होती, हे विचारून पाहावं. मुलगा कामात, गुडघे दुखतात, बसचा प्रवास झेपत नाही. गाडीतली पुढची सीट तिला द्यावी. लेण्यांच्या पायऱ्या चढवल्या नाहीत तरी चालेल, ती तळ्याकाठी सावलीत बसेल.

मुलं कंटाळतील, हा दुसरा आक्षेप. हाउसबोटीवर ती फोनमध्ये डोकं घालून बसतात, हे पालकांनी पाहिलेलं आहेच. दाजीबानपेठेत त्यांच्या वयाची भावंडं असतात. मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषांत हिशेब करणारा चुलतभाऊ भेटला की दोन भाषांत अडखळणाऱ्या मुलाला आपण कुठे आहोत ते न सांगता समजतं. त्या भावासोबत ते हुबळीच्या रेल्वे स्थानकावर जाईल. १५०७ मीटर लांबीचा तिथला फलाट जगात सर्वांत लांब म्हणून २०२३ मध्ये खुला झाला, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालण्याची पैज लागेल. होळीच्या दिवसांत आलेल्यांना रति-कामण्णाच्या मूर्ती आणि पाचव्या दिवशीचा रंग मिळेल. उणकलच्या चंद्रमौळीश्वराच्या देवळात चारही दिशांना दारं का आहेत, यावर वाद घालता येईल. सिद्धारूढ मठात जेवणाच्या पंगतीला बसता येईल.

सगळ्याच नातेवाइकांकडे जायला हवं, असंही नाही. जिथे वाटणीवरून बोलणं बंद आहे, जिथे जुन्या जखमा आहेत, तिथे मुलांना घेऊन जाणं म्हणजे त्यांना त्या भांडणात उभं करणं. या प्रवासाचा हेतू हजेरी लावण्याचा नाही. उलट सहा घरांची हजेरी रद्द करून दोन घरी नीट राहावं, असाच सल्ला आहे. ज्यांना भेटता आलं नाही ते रागावतील, त्यांना फोनवर समजवावं. पण निवड करताना जवळचं घर आणि सोयीचं घर एवढाच निकष नको. ज्या घरी आता एकच म्हातारं माणूस उरलं आहे, ते घर यादीत वर यावं. दाजीबानपेठेतली जुनी घरं पाडून त्या जागी दुकानांचे मजले उठत आहेत, आणि मुलं बंगळुरू-पुण्याला गेल्यावर आत्याही कधीतरी तिकडे जाईल. त्यानंतर हुबळीला जाणं राहील, पण ते हॉटेलात उतरून.

व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी. परदेशातून आलेल्यांनी स्वतः गाडी चालवण्याचा हट्ट धरू नये, भाड्याची गाडी चालकासह घ्यावी. तिला कर्नाटकात जाण्याचा परवाना आणि फास्टॅग आहे ना, ते आधी विचारावं. चालकाचा भत्ता आणि रात्रीच्या झोपेची सोय ठरवूनच निघावं, कारण पेठेतल्या घरात त्याच्यासाठी जागा नसते आणि थकलेल्या माणसाच्या हाती कुटुंब देऊ नये. महामार्गाच्या रुंदीकरणाची कामं टप्प्याटप्प्यानं चालू असतात, म्हणून पुणे-कोल्हापूर भागात वेळ हातचा राखून ठेवावा आणि अंधार पडल्यावर गाडी हाकू नये.

तारखांचा विचार सर्वांत आधी करावा. डिसेंबरच्या सुट्टीत हवा छान असते, पण रजा जानेवारीपर्यंत लांबवता आली तर पौष पौर्णिमेला बनशंकरीची जत्रा सुरू होते. तिथे कन्नड नाटक कंपन्या तंबू ठोकून कित्येक आठवडे रात्ररात्र नाटकं करतात. संगीत नाटकावर प्रेम करणाऱ्या मराठी माणसाला असा तंबू महाराष्ट्रात आता सहसा दिसणार नाही. अमेरिकेतल्या शाळांची मोठी सुट्टी जून ते ऑगस्ट. त्या काळात बदामीचा ताप कमी झालेला असतो, तळं भरत असतं, आणि बेळगावहून वाकडी वाट केली तर गोकाकला घटप्रभा लालसर पाण्यानं कड्यावरून कोसळताना दिसते. गोकाकचा करदंट आणि धारवाडच्या लाइन बाजारातले पेढे परतीच्या वाटेवर घ्यावेत, जाताना नको, कारण आत्या डबा भरून देणारच आहे आणि सामानाचं वजन मोजलेलं असतं. पौर्णिमा कोणत्या तारखेला येते आणि घाटात पाऊस किती आहे, हे तिला फोन करून विचारावं, विमानाची तिकिटं काढायच्या आधी.